हरलेल्याला पटेल अशी मोजणी

मारकडवाडी हे सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यातलं गाव. २०२४चा डिसेंबर उजाडेपर्यंत तालुक्याबाहेर त्याचं नाव फारसं कुणाच्या तोंडी नव्हतं. २३ नोव्हेंबरला विधानसभेचा निकाल लागला. माळशिरसमधून शरद पवारांच्या पक्षाचे उत्तमराव जानकर तेरा हजारांवर मतांनी निवडून आले, आणि तरीही त्यांना मानणारं हे गाव अस्वस्थ झालं. गावच्या आकड्यांत जानकरांना ८४३ आणि भाजपच्या राम सातपुतेंना १००३ मतं दिसत होती. आपल्या गावात असं होणंच शक्य नाही, असं गावकऱ्यांचं म्हणणं. मग त्यांनी ठरवलं, की ३ डिसेंबरला कागदाच्या मतपत्रिकेवर गावानं पुन्हा मत द्यायचं आणि आपलं आपण मोजून बघायचं. तयारी झाली. प्रशासनानं जमावबंदी लावली, पोलिसांचा ताफा आला, आणि गावानं बेत सोडून दिला. पुढे गुन्हे दाखल झाले. ८ डिसेंबरला शरद पवार तिथं जाऊन आले. पाठोपाठ सत्ताधारी बाजूच्या गोपीचंद पडळकर आणि सदाभाऊ खोतांचीही सभा झाली. दोन्ही बाजूंची भाषणं झाली, आणि गावाचा मूळ प्रश्न जिथल्या तिथं राहिला.

त्या फेरमतदानातून कायद्यानं काही सिद्ध झालं नसतं, हे मला मान्य आहे. निकाल लागून गेल्यावर, अख्खं गाव बघत असताना, आदल्या वेळी वेगळं मत दिलेला माणूस त्या मंडपात आलाच नसता. पण मोजून बघू या, ही जी त्यांची ऊर्मी होती तिला मी वेडेपणा म्हणणार नाही. ज्या गावाचा उमेदवार निवडून आला ते गाव मोजणीवर शंका घेतं, म्हणजे ही निव्वळ हरल्याची चिडचिड नाही. तिथं कुणीतरी जबाबदार अधिकाऱ्यानं बसून, कागद पुढं ठेवून, शांतपणे दाखवायला हवं होतं. तिथं आली ती जमावबंदी.

मी शाळामास्तर. नोकरीची सगळी वर्षं निवडणुकीची ड्युटी केली, मतपत्रिकेच्या काळात आणि मशीनच्याही काळात. त्यामुळे मारकडवाडीची बातमी वाचताना माझं लक्ष पहिल्यांदा एका गोष्टीकडं गेलं. गावाला आपल्या गावाचा आकडा कळला कसा? मतपत्रिकांच्या काळात मोजणी दोन-दोन दिवस चालायची. पेट्या टेबलावर पालथ्या करायच्या, मतपत्रिका मोजून एकूण आकडा जुळवायचा, पंचवीस-पंचवीसचे गठ्ठे बांधायचे, आणि पुष्कळ ठिकाणी वेगवेगळ्या केंद्रांचे गठ्ठे एकत्र मिसळून मगच उमेदवारनिहाय मोजणीला घ्यायचे. हेतू असा, की कुठल्या वाडीनं कुणाला मत दिलं हे पुढाऱ्याला कळू नये आणि त्या वाडीचं पाणी, रस्ता, रेशन कुणी अडवू नये. मशीन आलं आणि प्रत्येक केंद्राचा आकडा उघडा झाला. तेव्हापासून निकालाच्या दुसऱ्या दिवशी प्रत्येक गावात तो कागद फिरतो. आपल्या आळीत लीड किती, वरच्या आळीत कुणी दगा दिला, याची चर्चा महिनाभर पुरते. मारकडवाडीच्या शंकेला जो आकडा कारण झाला, तो मशीननंच गावाच्या हाती दिलेला.

जुन्या मोजणीतली एक गोष्ट मला अजून डोळ्यांपुढं दिसते. फुलीचा शिक्का दोन चिन्हांमधल्या रेषेवर पडलेला असला, किंवा घडी घातल्यामुळे त्याची शाई समोरच्या बाजूला उमटलेली असली, की ती मतपत्रिका संशयास्पद म्हणून बाजूला निघायची. टेबलावरचा पर्यवेक्षक ती दोन्ही हातांत धरून जाळीपलीकडच्या प्रतिनिधींना दाखवायचा. ते वाकून, चष्मे वर-खाली करून बघायचे. खरा छाप गडद कुठला, उमटलेला फिकट कुठला, यावर हुज्जत घालायचे. मग ती निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडं जायची, तो निर्णय द्यायचा, आणि ज्याच्या विरोधात निर्णय गेला तो दोन शिव्या हासडून पुढच्या कागदाकडं वळायचा. वळायचा, कारण त्यानं तो कागद स्वतः बघितलेला असायचा.

आता मतमोजणीच्या टेबलावर कंट्रोल युनिट येतं. सील दाखवतात, नंबर जुळवतात, रिझल्टचं बटण दाबतात, आणि छोट्या पडद्यावर एकेक उमेदवाराचा आकडा उमटत जातो. काही मिनिटांत एक केंद्र संपतं. मतपत्रिकांचा काळ फार पवित्र होता असं मी म्हणणार नाही. केंद्रं ताब्यात घेऊन शिक्क्यांचा पाऊस पाडल्याच्या घटना देशभर घडल्या आहेत, आणि बाद मतांचे ढीग मी मोजले आहेत. म्हाताऱ्या माणसांची, निरक्षर बायकांची मतं केवळ शिक्का नीट न पडल्यामुळे मातीत जायची. मशीननं ते थांबवलं. पण जाळीपलीकडच्या माणसाला बघायला जे होतं, तेही मशीनबरोबर गेलं.

निकालानंतर लगेच लग्नसराई सुरू झाली. आमच्या नात्यातल्या एका लग्नात जेवणं आटोपून बाप्ये मंडळी मांडवाच्या कडेला खुर्च्या ओढून बसली होती. माझ्या चुलत बहिणीचे यजमान, आमचे दाजी, हरलेल्या महाविकास आघाडीचे जुने कार्यकर्ते. त्यांच्यापुढं त्यांचा धाकटा मेव्हणा, जिंकलेल्यांपैकी. तो म्हणाला, "दाजी, जूनमधी ह्याच मशीननं तुमचं तीस खासदार निवडून दिलं. तवा मशीन बरं हुतं का?"

दाजी थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तवा तू हरला हुतास. तवा तू इचारायचं. आता मी हरलोय, आता मी इचारतोय. हरलेला इचारणार न्हाई तर मग कुणी इचारायचं?"

तेवढ्यात मागं उभी असलेली माझी बहीण पुढं आली. ती सहसा बाप्यांच्या बोलण्यात पडत नाही. ती मला म्हणाली, "अण्णा, ह्यांना सांगा, माझं मत मीच दिलंय. पैसं खात्यात आलं, मी बटण दाबलं. मशीननं माझं बोट धरलं न्हवतं. ह्यांना घरात बोलले न्हवते, एवढंच."

दाजींचा चेहरा मला आठवतो. राग नव्हता त्यात. आपल्याच घरातलं मत आपल्याला माहीत नव्हतं, हे त्यांना चारचौघांत कळलं होतं.

तिचं बोलणं मला अजून सोडत नाही. लाडकी बहीण योजना जून २०२४च्या अर्थसंकल्पात जाहीर झाली, महिना दीड हजार रुपयांची, आणि निवडणुकीच्या आत पाच महिन्यांचे साडेसात हजार बायकांच्या खात्यांत पडले होते. ती मतं विकत घेतली असं कुणी म्हणेल. त्यावर वाद घालता येईल, घालायलाही हवा. पण मशीननं आमचा घात केला असं ज्या क्षणी आपण म्हणतो, त्या क्षणी या बाईनं विचार करून, नवऱ्याला न सांगता दिलेलं मत आपण तिच्या हातून काढून घेतो. तिनं ते दिलंच नाही असं म्हणतो. मताची गुप्तता आपण ज्यासाठी मागितली होती, ती तिनं वापरली, आणि आपल्याला तिचा निकाल पटत नाही म्हणून आपण यंत्रावर संशय घेतो. पुढाऱ्यांनी हे बोलण्याआधी निदान आपल्या घरातल्या बायकांना एकदा विचारावं.

दाजींच्या बाजूच्या नेत्यांचं काय चुकलं, हे त्या मांडवात सगळ्यांना पाठ होतं. लोकसभेला ४८पैकी ३० जागा आल्या आणि आघाडीचे नेते आता राज्य आपलंच या भरवशावर राहिले. जागावाटपाचा घोळ उमेदवारी अर्जाची मुदत संपेपर्यंत, म्हणजे २९ ऑक्टोबरपर्यंत चालला. मुख्यमंत्री कोण, यावर शेवटपर्यंत एकवाक्यता नाही. सोलापूर दक्षिणमध्ये ठाकरे गटाचा अधिकृत उमेदवार उभा असताना, लोक रांगेत उभे होते त्या दिवशी सुशीलकुमार शिंदेंनी अपक्षाला पाठिंबा जाहीर केला. सोयाबीनचा त्या वर्षीचा हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये, बाजारात त्याच्या खाली विकायची पाळी, कापसाचं तेच. शेतकऱ्याच्या या दुखण्यावर निवडणूक लढवता आली असती. ती लढवली गेली नाही. उलट बाजूनं, जूनमध्ये हरल्यावर देवेंद्र फडणवीसांनी पराभवाची जबाबदारी घेतो असं जाहीर सांगितलं आणि सरकारमधून मोकळं करा म्हणाले. त्याच वेळी खोट्या नॅरेटिव्हमुळे हरलो असंही त्यांचा पक्ष म्हणत राहिला, पण पाच महिन्यांत त्यांनी काम केलं. विधानसभेत भाजप १३२, एकनाथ शिंदेंची शिवसेना ५७, अजित पवारांची राष्ट्रवादी ४१. समोर तिन्ही पक्ष मिळून ४६. या फरकाचा मोठा वाटा नेत्यांच्या कुवतीचा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि म्हणून काय मोजणीचा प्रश्न मिटला? नाही. तुमचा नेता नालायक आहे म्हणून तुम्ही हिशेब मागू नका, असं कुणी कुणाला म्हणू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २६ नोव्हेंबर २०२४ला मतपत्रिकांची मागणी करणारी एक याचिका फेटाळताना साधारण हेच सुनावलं, की जिंकता तेव्हा मशीन ठीक, हरता तेव्हा बिघडलेलं. पुढाऱ्यांना ते बोलणं लागू आहे. मतदाराला ते कसं लागू होईल? मतदार दर वेळी थोडाच हरतो?

शंका नेहमी हरलेल्याच्याच घरी राहायला जाते, याचे दाखले देशात पहिल्या दिवसापासून आहेत. केरळात परूर मतदारसंघात १९८२ साली पन्नास केंद्रांवर पहिल्यांदा मशीन वापरलं. कम्युनिस्ट पक्षाचे सिवन पिल्लै यांचा त्याला आधीच विरोध होता. ते १२३ मतांनी जिंकले. मग हरलेले काँग्रेसचे ए. सी. जोस न्यायालयात गेले. १९८४ला सर्वोच्च न्यायालयानं त्या पन्नास केंद्रांवर कागदावर फेरमतदान घ्यायला लावलं, कारण तेव्हाच्या कायद्यात मशीन बसत नव्हतं. आणि त्यात जोस जिंकले. २००९ला लोकसभा हरल्यावर लालकृष्ण अडवाणींनी मशीनवर शंका घेतली, भाजपच्या जी. व्ही. एल. नरसिंह राव यांनी त्यावर पुस्तक लिहिलं. सुब्रमण्यम स्वामींच्या याचिकेवर २०१३ साली न्यायालयानं कागदी चिठ्ठी आणायला सांगितलं. आज व्हीव्हीपॅटमध्ये सात सेकंद जी चिठ्ठी दिसते ती त्या वेळच्या विरोधी बाजूनं, हरलेल्यांनी, मागून घेतलेली. २०१७ला गोव्यातल्या सगळ्या मतदारसंघांत ती पहिल्यांदा वापरली गेली. हरलेल्यांनी विचारलं म्हणून पद्धत सुधारली, हे लक्षात ठेवलं तर दाजींच्या प्रश्नाला हसायचं धाडस होणार नाही.

केंद्राध्यक्ष म्हणून मी जे केलं त्यावरून सांगतो. मतदान संपायच्या वेळी दार बंद करायचं आणि रांगेच्या शेवटच्या माणसापासून पुढं चिठ्ठ्या वाटत यायचं. चिठ्ठी असेल त्यानं कितीही वाजेपर्यंत मत द्यायचं. २०२४ला राज्यात पाच वाजेपर्यंतचं मतदान ५८.२२ टक्के सांगितलं गेलं आणि अंतिम आकडा ६६.०५ टक्के आला. ही सुमारे ७६ लाख मतं कुठून आली, असा सवाल अजून विचारला जातो. केंद्रं एक लाखावर आहेत. म्हणजे पाचनंतर केंद्रामागं पंच्याहत्तर-शहात्तर माणसं. खेड्यात रानातून आलेली माणसं दिवस कलताना रांगा लावतात, त्यांना मी स्वतः शाई लावली आहे. शिवाय पाच वाजताचा आकडा हा फोनवरून वर कळवलेला, घाईतला. खरा आकडा केंद्राध्यक्षाच्या हातच्या कागदावर असतो: नमुना १७ सी. किती मतं पडली, कुठलं मशीन, कुठलं सील, सगळं त्यावर, आणि हजर असलेल्या प्रत्येक पोलिंग एजंटला त्याची प्रत सही घेऊन द्यायची असते.

तर मग हे एक लाख कागद दुसऱ्या दिवशी संकेतस्थळावर टाकायला काय हरकत होती? मे २०२४मध्ये लोकसभेच्या वेळी ही मागणी न्यायालयात गेली तेव्हा निवडणूक आयोगानं विरोध केला. त्या प्रतींचा गैरवापर होईल, गोंधळ माजेल, असं त्यांचं म्हणणं. मला हे उत्तर पटत नाही. ७६ लाखांचा जो संशय आज गावोगाव फिरतो, तो त्या एक लाख कागदांनी दोन दिवसांत निकालात काढला असता. आयोगाकडं खरं उत्तर होतं आणि त्यानं ते कपाटात ठेवलं.

त्याच वर्षी २० डिसेंबरला निवडणूक नियम ९३ बदलला. मतदान केंद्रावरचं सीसीटीव्ही चित्रण आणि तत्सम इलेक्ट्रॉनिक नोंदी सामान्य माणसाला बघायला मिळण्याचा रस्ता त्यानं बंद झाला. पुढच्या मे महिन्यात आणखी सूचना निघाली: निकालाला आव्हान नसेल तर ४५ दिवसांनी चित्रण नष्ट करा. मतदारांचा खाजगीपणा जपायचा, हे कारण दिलं. रांगेत उभ्या असलेल्या बायकांचे चेहरे कुणी समाजमाध्यमांवर फिरवू नयेत, ही काळजी रास्त आहे. पण लोकांचा विश्वास उडालेला असताना, नेमकं मारकडवाडीच्या महिन्यात, दार आणखी लोटून घ्यायचं, हे शहाणपणाचं नव्हतं.

जर्मनीत २००५च्या निवडणुकीत सुमारे वीस लाख लोकांनी यंत्रावर मत दिलं होतं. तिथल्या घटनात्मक न्यायालयानं ३ मार्च २००९ला निकाल दिला. यंत्रात कुणी ढवळाढवळ केली असं न्यायालय म्हणालं नाही. निवडणूकही रद्द केली नाही. म्हणणं एवढंच होतं, की मतदानाचे आणि मोजणीचे महत्त्वाचे टप्पे साध्या नागरिकाला, कुठल्याही तांत्रिक ज्ञानाशिवाय, स्वतः तपासून बघता आले पाहिजेत. आपल्याकडं उलटा प्रश्न विचारला जातो: गडबड झाली याचा पुरावा दाखवा. दाजींसारख्या माणसानं तो कुठून आणायचा? दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला मशीनची तपासणी मागता येते, २६ एप्रिल २०२४च्या न्यायालयाच्या निकालानं तो हक्क दिला. पण २०२४ला त्यासाठी एका संचाला ४० हजार रुपये आणि वर जीएसटी, म्हणजे ४७,२०० रुपये भरावे लागत होते. त्याच निकालात न्यायालयानं सगळ्या चिठ्ठ्या मोजायची मागणी नाकारली. प्रत्येक विधानसभा क्षेत्रात पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजायची आधीचीच पद्धत राहिली.

त्या पाच केंद्रांबद्दल सांगायलाच हवं, कारण वाद घालणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ती मोजणी बघितली आहे. बँकेच्या कॅशियरच्या जुन्या पिंजऱ्यासारखी जाळीची खोली असते. आत उमेदवारांच्या चिन्हांचे खण. चिठ्ठी बोटभर लांब, पातळ, गुंडाळी होणारी. तिच्यावर अनुक्रमांक, नाव, चिन्ह. एकेक चिठ्ठी सरळ करून बाहेरच्या प्रतिनिधींना दाखवायची आणि खणात टाकायची, मग पंचवीसच्या जुड्या करायच्या. सगळा निकाल कळून चुकलेला असतो, अर्धा मांडव गुलालात न्हालेला असतो, हरलेल्यांचे प्रतिनिधी घरी गेलेले असतात, आणि दोन-चार कारकून ते मोजत बसलेले असतात. २०२४ला राज्यात अशा १४४० केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजल्या आणि कुठंही फरक आला नाही, असं निवडणूक अधिकाऱ्यांनी जाहीर केलं. मी त्यावर विश्वास ठेवतो. त्या मोजणीला शेवटपर्यंत थांबलेले किती जण होते, हा मात्र माझा प्रश्न आहे, आणि तो आयोगाला नाही.

तो पक्षांना आहे. पहाटे साडेपाचला मतदान केंद्रावर मॉकपोल असतो. सरकारी मराठीत अभिरूप मतदान. एजंटांच्या समोर निदान पन्नास मतं टाकायची, निकाल काढायचा, चिठ्ठ्या मोजून ताळा करायचा, मग ते सगळं पुसून मशीन शून्यावर आणायचं, हिरव्या कागदी सीलवर एजंटांच्या सह्या घ्यायच्या. कुणी आलं नाही तर १५ मिनिटं वाट बघायची आणि आपल्याच कर्मचाऱ्यांसमोर सुरू करायचं. ती पंधरा मिनिटं मी फार वेळा बघितली आहेत. हिवाळ्याची पहाट, शाळेच्या वर्गात एजंटांसाठी मांडलेल्या खुर्च्या, आणि त्यांवर कुणी नाही. सातच्या पुढं एखादा पोरगा यायचा, गळ्यात पास, हातात मतदार यादी, आणि दुपारी जेवायला गेला की परत यायचा नाही. संध्याकाळी १७ सीची प्रत द्यायला मी हाका मारत असे. ज्या नेत्याला आपल्या मतदारसंघातल्या सगळ्या केंद्रांवर दिवसभर माणूस बसवता येत नाही, त्याच्या हातात दुसऱ्या दिवशी एकही कागद नसतो. मग तो माइकवर जे बोलतो ते सिद्ध कशानं करणार? नेत्याची कुवत भाषणावरून ठरवायची सवय आपण सोडायला पाहिजे. ती या खुर्चीवरून ठरते.

कागद हातात असला तर काय होतं, ते हरियाणात पानिपत जिल्ह्यातल्या बुआना लाखू गावानं दाखवलं. २ नोव्हेंबर २०२२ला सरपंचपदाची निवडणूक झाली. एका केंद्रावर दोन उमेदवारांचे आकडे नोंदवताना अदलाबदल झाली आणि हरलेला विजयी ठरला. दुसरा भांडत राहिला, थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत. ६ ऑगस्ट २०२५ला न्यायालयाच्या निबंधकांसमोर, दोघांच्या समोर, चित्रीकरण करत सगळी मशीन पुन्हा मोजली. १०५१ विरुद्ध १०००. जवळजवळ पावणेतीन वर्षांनी खरा सरपंच खुर्चीवर बसला. मशीननं बरोबर मोजलं होतं. माणसानं चुकीचं लिहिलं होतं. मशीनवर अंधविश्वास ठेवणाऱ्यांनी आणि मशीनच चोर आहे म्हणणाऱ्यांनी, दोघांनीही ही गोष्ट नीट वाचावी. एका सरपंचाच्या निवडणुकीला जो न्याय मिळाला तो मिळायला पावणेतीन वर्षं लागली, हेही वाचावं.

२०२५च्या डिसेंबरात आमच्या गावच्या नगरपरिषदेचं मतदान २ तारखेला झालं. दुसऱ्या दिवशी मोजणी होती. पण काही ठिकाणचं मतदान २० तारखेवर गेलेलं असल्यानं उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं सगळ्यांचा निकाल एकदम २१ला लावायला सांगितलं. मशीन इतके दिवस गोदामात. राज्यात ठिकठिकाणी उमेदवारांची माणसं स्ट्राँगरूमबाहेर पहाऱ्याला बसली, आमच्याकडंही बसली. थंडी मरणाची होती. एका रात्री मी चहाचा थर्मास घेऊन तिकडं गेलो. रस्त्याच्या कडेला ताडपत्री, शेकोटी, आणि तिच्याभोवती तिन्ही पॅनेलची पोरं एकत्र. दिवसा एकमेकांचे बॅनर फाडणारी ही पोरं रात्री एकाच घोंगडीत पाय घालून बसली होती. एकाचं लक्ष सतत मोबाइलवर. गोदामाच्या दारावरचा कॅमेरा चालू आहे का, ते तो बघत होता.

त्यांच्यातला एक माझा जुना विद्यार्थी. मला म्हणाला, "सर, आम्ही हितं बसलोय खरं. पण हितल्या मशीनला ती चिठ्ठी न्हाई. उद्या शंका आली तर मोजायचं काय?"

तो बरोबर बोलत होता. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो आणि त्यांत व्हीव्हीपॅट नाही. एका प्रभागात एकाहून अधिक जागा, म्हणून एकाच माणसाची अनेक मतं. अशा मतदानाला चालणारं चिठ्ठीचं यंत्र नाही, असं कारण आयोग देतो. कारण खरं असेल. पण जिथं उमेदवार शेजारचा, मतदार भावकीतला, आणि दोन-चार मतांवर निकाल फिरतो, तिथंच कागद नाही. मुंबई वायव्य लोकसभेत २०२४ला ४८ मतांनी निकाल लागला तेव्हा केवढा गदारोळ झाला; नगरसेवक तर त्याहून कमी मतांनी कितीतरी वेळा ठरतात. मी त्या पोराला म्हणालो, मोजायला काही नाही बाबा, पण तुम्ही सगळे इथं एकत्र बसलाय, हे थोडं नाही. २१ तारखेला मोजणी झाली, तो ज्या पॅनेलचा होता ते हरलं. त्यानं मला रस्त्यात भेटून सांगितलं, आमचं काय चुकलं ते. मशीनचं नाव काढलं नाही. अठरा-एकोणीस रात्री त्यानं स्वतः दार राखलं होतं.

म्हणून माझं मागणं दोघांकडं आहे. आयोगानं १७ सीचे कागद मतदानाच्या दुसऱ्या दिवशी सगळ्यांना बघायला ठेवावेत, निकाल अटीतटीचा असेल तिथं पाचाऐवजी सगळ्या केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजाव्यात, मशीन तपासायला पैसे मागू नयेत, आणि नगरपालिकेच्या मशीनला चिठ्ठी जोडायचा मार्ग काढावा. मोजणीला एक दिवस जास्त लागला तर लागू दे. आपण महिना-महिना प्रचार सहन करतो. पक्षांनी केंद्रागणिक माणूस तयार करावा, आणि ज्याला ते जमत नाही त्यानं माइकवरून मशीनचं नाव घेऊ नये.

आणि तुम्ही, वाचणारे. तुमचा पक्ष कुठलाही असो. पुढच्या निवडणुकीत आपल्या गावच्या, आपल्या वॉर्डाच्या केंद्रावर पोलिंग एजंट म्हणून नाव द्या. संध्याकाळी १७ सीची सही केलेली प्रत घेतल्याशिवाय केंद्र सोडू नका, आणि मोजणीच्या दिवशी ती खिशात घेऊन टेबलाशी उभे राहा. मॉकपोल पहाटे साडेपाचला असतो. तेवढं लवकर उठा.